द्राक्षबागांचा नकाशा आम्ही केला, शिक्का दुसऱ्याचा लागला. डिजिटल नकाशात खूण कशी ठेवायची?

गोदाकाठ (रविवार, रात्री १०:४०)

नमस्कार मंडळी. जरा लांबलचक लिहितोय, सांभाळून घ्या.

इंदिरानगरला आमचं छोटं ऑफिस आहे, तिघं जण आहोत, सर्व्हे आणि जीआयएसची (संगणकावर नकाशे करायची) कामं करतो. मागच्या उन्हाळ्यात निफाड-दिंडोरी पट्ट्यातल्या बारा गावांचा द्राक्षबागांचा नकाशा केला. प्रत्येक प्लॉट, बांध, विहीर, शेततळं, पाणंद रस्ता, पॅकहाउस. स्वतः ड्रोन उडवला, डीजीपीएस (जागा बारीक मोजणारं जीपीएस) घेऊन बांधाबांधाने फिरलो, मग ऑफिसात बसून चार महिने क्यूजीआयएस या नकाशाच्या सॉफ्टवेअरमध्ये एकेक बांध काढला. मळ्यांची नावं सुद्धा शेतकऱ्यांना विचारून टाकली, ती कुठल्याच सरकारी नकाशात नाहीत.

एका पार्टीने 'आधी डेटा बघू, मग ठरवू' म्हणून सॅम्पल मागितलं आणि मी अख्खी शेपफाइल (नकाशाचा मूळ डेटा) ईमेलने पाठवून दिली. काम काही मिळालं नाही. सहा महिन्यांनी सातपूरला एका मीटिंगमध्ये बसलो होतो, समोर स्क्रीनवर आमचाच नकाशा, कोपऱ्यात दुसऱ्याचा लोगो. मला घाम फुटला. ओळखला कशावरून तर एका मळ्याचं नाव मी चुकीचं टाइप केलं होतं तीच चूक तिथे होती, आणि मार्चमध्ये काढलेलं एक शेततळं जे मे महिन्यात बुजवलं गेलं ते पण तिथे होतं. विचारलं तर उत्तर मिळालं, 'जमीन एकच आहे, नकाशा सारखाच येणार ना.'

माझे प्रश्न दोन. झालेल्या गोष्टीचं काही करता येईल का? आणि पुढचा डेटा देताना त्यात अशी खूण कशी ठेवायची की कोणाला दिसू नये, काढता येऊ नये, पण आपल्याला सिद्ध करता यावी?

मेरीजवळ (रविवार, रात्री ११:०५)

दादा वाईट वाटलं वाचून. नकाशावर मोठा आडवा लोगो फिकट रंगात टाकून नाही का देता येणार? मी इंजिनिअरिंगला आहे, प्रोजेक्टमध्ये आम्ही तसंच करतो.

गोदाकाठ (रविवार, रात्री ११:१२)

चित्र द्यायचं असेल तर ठीक आहे रे, पण मी शेपफाइल दिली. त्यात रेघा आणि आकडे असतात, लोगो टाकणार कशावर?

नोटप्रेसकर (सोमवार, सकाळी ६:५०)

आमच्या घरात दोन पिढ्या नाशिकरोडच्या प्रेसमध्ये गेल्या म्हणून एक गोष्ट सांगतो. लोकांना वाटतं नोटेतला गांधीजींचा वॉटरमार्क प्रेसमध्ये छापतात. तसं नाही. तो कागद बनतानाच त्यात येतो, ओल्या लगद्याची जाडी कमीजास्त करून. कागद होशंगाबाद (आताचं नर्मदापुरम) किंवा म्हैसूरहून येतो तेव्हा खूण आधीच आत असते. म्हणून ती खरवडून निघत नाही, खरवडायची तर नोटच फाटते. शिवाय प्रत्येक नोटेला वेगळा नंबर असतो तो वेगळाच.

तुमच्या नकाशाला या दोन्ही गोष्टी पाहिजेत असं मला वाटतं. तांत्रिक बाजू जाणकारांनी सांगावी.

वेक्टर_सर (सोमवार, दुपारी १:३०)

काकांनी एकदम बरोबर मुद्दा मांडला. मी बरीच वर्षं जीआयएस शिकवतोय, सविस्तर लिहितो.

आधी चित्राचं सांगतो, म्हणजे जीओटिफ, पीएनजी, जेपेग. 'मेरीजवळ'चा आडवा लोगो सॅम्पलला चालतो, पण कोपऱ्यातला लोगो कातरीने जातो आणि मधला आजकाल सॉफ्टवेअरने पुसता येतो. अदृश्य खुणेत सगळ्यात सोपी पद्धत म्हणजे प्रत्येक पिक्सेलच्या शेवटच्या बिटमध्ये माहिती लपवायची. कॉलेजच्या प्रोजेक्टात सगळे हेच करतात, पण जेपेग म्हणून एकदा सेव्ह केलं की खूण गेली. टिकाऊ पद्धत म्हणजे चित्राचं डीसीटी किंवा वेव्हलेट रूपांतर (चित्र लहरींत मोडायची गणिती रीत) करून मधल्या फ्रिक्वेन्सीत, गुप्त किल्लीप्रमाणे (फक्त आपल्याकडे असलेली आकड्यांची यादी), पूर्ण चित्रभर थोडी थोडी खूण पसरवायची. मग कॉम्प्रेस केलं, थोडं कातरलं तरी उरते. फक्त नकाशाचं चित्र फोटोसारखं नसतं, एकसारख्या रंगाचे मोठे पट्टे असतात, त्यात ढवळाढवळ केली की डाग दिसतात. म्हणून खूण ड्रोनच्या फोटोच्या थरात ठेवा, सपाट रंगात नको.

आता तुमचा खरा विषय, वेक्टर, म्हणजे बिंदू आणि रेघांचा नकाशा. इथे खूण ठेवायला जागा एकच, बिंदूंचे कोऑर्डिनेट (जागेचे आकडे). प्रत्येक बिंदू किल्लीप्रमाणे अगदी थोडा पूर्वेला किंवा पश्चिमेला सरकवायचा. किती? १:१००० च्या नकाशावर पाव मिलिमीटर म्हणजे जमिनीवर २५ सेंमी, त्याहून बारीक फरक कागदावर डोळ्याला कळत नाही. आपल्याला एवढंही नको, ३ सेंमी पुरे, तुमच्या डीजीपीएसची चूकच साधारण तेवढी असते.

याचा उपयोग कसा होतो ते आकड्यात बघा. एका गावात २,००० बिंदू आहेत असं धरा. एखाद्याने खरंच स्वतः सर्व्हे केला असेल तर त्याचे बिंदू तुमच्या किल्लीशी निम्म्या वेळा जुळतील, १,००० च्या आसपास, फार तर वीस-पंचवीसचा नेहमीचा फरक. आता चोराने तुमची फाइल घेतली आणि हुशारी म्हणून प्रत्येक बिंदू १० सेंमीच्या आसपास कसाही हलवला, तरी १,२३० च्या आसपास बिंदू जुळतात. म्हणजे १,००० पेक्षा २३० जास्त, नेहमीच्या फरकाच्या दहा पट! योगायोगाने हे होत नाही. खूण दुबळी आहे पण हजारो ठिकाणी आहे, सगळी ताकद तिथेच आहे.

एक चांगली गोष्ट म्हणजे तुमच्याकडे मूळ फाइल आहे. संशोधनात मूळ नसताना खूण शोधायच्या पद्धतींवर बरीच डोकेफोड झालेली आहे, पण छोट्या ऑफिसला तिची गरज नाही. मूळ डेटा कुलपात ठेवा, संशयित फाइल त्यावर बसवा, वजाबाकी करा, किल्लीशी ताडा.

दोन गोष्टी मात्र सांभाळा. शेजारच्या दोन प्लॉटचा बांध एकच असतो, त्यावरचा बिंदू दोन्हीकडे सारखाच सरकला पाहिजे नाहीतर मध्ये फटी पडतात आणि गिऱ्हाईक ओरडतं. आणि सरकारी मोजणीचे, हद्दीच्या दगडांचे बिंदू अजिबात हलवू नका. त्यावर भांडणं होतात, खून होतात आपल्याकडे.

मेरीजवळ (सोमवार, दुपारी २:१०)

सर, चोराने सिम्प्लिफाय मारलं, म्हणजे रेघेतले नको ते बिंदू गाळले तर? आम्हाला त्याची डग्लस-प्यूकर रीत शिकवली आहे, त्यात निम्मे बिंदू उडतात.

वेक्टर_सर (सोमवार, दुपारी २:४५)

उडतात, पण जे उरतात ते जागचे हलत नाहीत, म्हणून उरलेल्यांवर खूण शाबूत राहते. त्याच कारणाने सरळ रेघेवर जादा बिंदू पेरून खूण ठेवायची पद्धत कुचकामी आहे, सिम्प्लिफाय आधी तेच बिंदू उडवतो. प्रोजेक्शन (जागेचे आकडे लिहायची पद्धत) बदललं, डब्ल्यूजीएस ८४ च्या अंशांवरून यूटीएम ४३ च्या मीटरला नेलं आणि परत आणलं तरी मिलिमीटरच्या आतला फरक पडतो. खरा घाव बसतो दशांश स्थळं तोडल्यावर. अंशात सात स्थळं ठेवली तर साधारण एक सेंमीपर्यंत अचूकता राहते, पाच ठेवली तर एक मीटर. तिथे ३ सेंमीची खूण जवळपास बुडते.

ब्रह्मगिरी (सोमवार, संध्याकाळी ७:२०)

मी ओपनस्ट्रीटमॅपवर (लोकांनी मिळून भरलेला खुला नकाशा) नाशिक-त्र्यंबकचे रस्ते, वाड्या, पायवाटा भरते, बरीच वर्षं झाली. गोदाकाठ, तुमच्यावर अन्यायच झालाय. तरी एक विचारते, राग मानू नका. तुमच्या नकाशातले रस्ते कुठून आले? निफाड भागातले बरेच पाणंद रस्ते आमच्या लोकांनी भरलेले आहेत. ओपनस्ट्रीटमॅपचा डेटा २०१२ पासून ओडीबीएल लायसन्सखाली आहे. वापरायला पैसे नाहीत, पण श्रेय द्यावं लागतं, आणि त्यात भर घालून नवा डेटाबेस बनवून बाहेर दिलात तर तोही त्याच अटींवर द्यावा लागतो.

दुसरं म्हणजे इथे लवकरच कोणीतरी 'खोटी गल्ली टाका' असा सल्ला देईल, म्हणून आधीच लिहिते. जुन्या नकाशावाल्यांची ती युक्ती आहे. १९३० च्या दशकात अमेरिकेतल्या जनरल ड्राफ्टिंग कंपनीने न्यूयॉर्क राज्याच्या नकाशात अॅग्लो नावाचं नसलेलं गाव टाकलं होतं, पुढे रँड मॅकनॅली या दुसऱ्या कंपनीच्या नकाशात तेच गाव दिसलं. चोरी पकडली असं वाटलं, पण तोवर नकाशा बघून कोणीतरी त्या जागी त्याच नावाचं दुकान काढलं होतं, म्हणजे नाव खरंच झालेलं. गोष्ट म्हणून छान आहे. पण आपल्याकडे २०२७ चा सिंहस्थ तोंडावर आहे. रामकुंड, तपोवन, पंचवटीच्या गल्ल्यांचे नकाशे शेकडो लोकांच्या मोबाईलवर फिरणार, पोलिस, स्वयंसेवक, अॅम्ब्युलन्सवाले बघणार. २००३ च्या सिंहस्थात चेंगराचेंगरीत ३९ माणसं गेली. अशा गावात नकाशात एक सुद्धा खोटी गल्ली असता कामा नये. मला हे अगदी मनापासून वाटतं.

गोदाकाठ (सोमवार, रात्री ९:१५)

ताई, राग कसला. आज ऑफिसात थर उघडून बघितले. प्लॉट, विहिरी, शेततळी, मळ्यांची नावं शंभर टक्के आमची. पण मुख्य रस्त्यांचा थर ओपनस्ट्रीटमॅपवरून घेतलेला निघाला आणि श्रेयाची ओळ आम्ही कुठेच दिली नव्हती. ही आमची चूक आहे, मान्य करतो. रस्ते वेगळ्या फाइलमध्ये काढतो, त्यावर तुमचं श्रेय आणि लायसन्स टाकतो, आमच्या थरांत ते मिसळणार नाही. आणि खोटं शेततळं टाकायचा विचार माझ्या डोक्यात आला होता हे खरं आहे, तो सोडला. शेतकरी तो नकाशा बघून पाण्याचा हिशोब करतो.

सीबीएस_वकील (सोमवार, रात्री ११:३०)

कोर्टातून उशिरा आलो, पण हा धागा वाचून राहवलं नाही.

पहिलं, नकाशाला संरक्षण आहे का? आहे. कॉपीराइट कायदा १९५७, कलम २(सी), कलाकृतीच्या व्याख्येत नकाशा, तक्ता, आराखडा हे शब्द स्पष्ट आहेत. आणि डेटाबेस कलम २(ओ) खाली साहित्यकृतीत येतो. पण 'जमीन एकच आहे' या उत्तरात थोडं तथ्य आहे हे समजून घ्या. विहीर कुठे आहे ही वस्तुस्थिती, ती कोणाच्या मालकीची नाही. तुमचं काय, तर निवड, मांडणी, काढण्याची पद्धत. सुप्रीम कोर्टाने ईस्टर्न बुक कंपनी वि. डी. बी. मोडक प्रकरणात सांगितलं की नुसते कष्ट पुरेसे नाहीत, कौशल्य आणि निर्णयबुद्धी दिसली पाहिजे. कुठले थर घ्यायचे, बांध कुठून कुठे मानायचा, मळ्यांची नावं कशी ठरवली, हे सगळं लिहून ठेवा.

ब्रह्मगिरी ताईंच्या मुद्द्याला जोड देतो. खोट्या रस्त्यांवर कॉपीराइट सांगायचा प्रयत्न अमेरिकेत झाला, १९९२ च्या नेस्टर वि. हॅगस्ट्रॉम खटल्यात तो टिकला नाही. खरं म्हणून मांडलेली खोटी माहिती सुद्धा वस्तुस्थितीच धरली जाते. सापळ्याचा उपयोग नक्कल झाली हे दाखवण्यापुरताच. आणि त्याला खोटी गल्ली लागतेच असं नाही. ब्रिटनमध्ये ऑर्डनन्स सर्व्हेने ऑटोमोबाईल असोसिएशनविरुद्ध रस्त्यांची रुंदी वगैरे रेखाटनाच्या बारकाव्यांवरून नक्कल दाखवली आणि २००१ मध्ये दोन कोटी पौंडांवर तडजोड झाली.

तुमच्या झालेल्या प्रकरणात खूण नव्हती, पण पुरावा आहे. दोन माणसं एकाच बांधावर कधीच त्याच ठिकाणी, त्याच क्रमाने, तेवढेच क्लिक करत नाहीत. त्यांची फाइल हातात आली की झालं. कलम ६२ मुळे तुम्ही जिथे धंदा करता तिथल्या जिल्हा न्यायालयात दावा लावता येतो, म्हणजे इथेच, आणि कोर्ट कमिशनर नेमून फाइल ताब्यात घ्यायचा अर्ज करता येतो. आधी नोटीस. ड्रोनचे मूळ फोटो, डीजीपीएसच्या कच्च्या फाइली, शेतावरच्या वह्या, तो ईमेल, काहीच डिलीट करू नका.

आता पुढच्यासाठी एक बारीक पण महत्त्वाची गोष्ट. २०१२ च्या दुरुस्तीने कलम ६५अ आणि ६५ब आले. ६५ब प्रमाणे कृतीवरची हक्कांची माहिती मुद्दाम काढणं किंवा बदलणं हा गुन्हा आहे, दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड. पण हक्कांची माहिती म्हणजे काय याच्या व्याख्येत कृतीचं नाव, कर्त्याचं नाव, मालकाचं नाव-पत्ता, वापराच्या अटी आणि यांचा कोड एवढंच येतं. वापरणारा कोण हे ओळखायची युक्ती व्याख्येतून स्पष्टपणे वगळलेली आहे. म्हणजे 'ही कॉपी अमक्याला दिली' एवढीच खूण ठेवलीत आणि त्याने ती पुसली तर ६५ब लागू करणं अवघड. म्हणून दोन खुणा ठेवा, एक तुमच्या मालकीची, एक गिऱ्हाइकाची.

आणि हो, बांध काढायला बाहेरचा मुलगा ठेवला होता का? नोकरीतल्या माणसाचं काम मालकाचं असतं, पण कंत्राटी मुलाचा हक्क त्याच्याकडेच राहू शकतो. कलम १९ प्रमाणे लेखी हस्तांतर करून घ्या, मुदत लिहा, नाही लिहिली तर पाचच वर्षं धरतात.

नोटप्रेसकर (मंगळवार, सकाळी ७:०५)

वकीलसाहेब, दोन खुणांचं पटलं. कागदातला वॉटरमार्क आणि वरचा नंबर, तसंच झालं की हे.

सातपूर_सर्व्हर (मंगळवार, दुपारी १२:२०)

खुणेचं झालं, आता द्यायचं कसं ते. माझं काम सर्व्हरचं आहे.

अर्ध्या गिऱ्हाइकांना डेटा नकोच असतो, त्यांना बघायचं असतं. त्यांना जीओसर्व्हर या सॉफ्टवेअरवरून डब्ल्यूएमएस सेवा द्या, त्यात फक्त चित्र जातं. डब्ल्यूएफएस बंद ठेवा, त्यात रेघाच्या रेघा बाहेर जातात, आणि कित्येक ठिकाणी तो चालू आहे हे कोणाच्या लक्षातच नसतं. लॉगिन, झूमला मर्यादा, दिवसाला टाइल्सना (नकाशाच्या चौकोनी तुकड्यांना) मर्यादा, आणि लॉग जपून ठेवायचे. कोणी स्क्रिप्ट लावून सगळ्या टाइल्स ओढून चिकटवत असेल तर लॉगमध्ये लगेच दिसतं, रात्री दोन वाजता एकच माणूस ओळीने हजारो टाइल्स मागतो.

वेक्टर टाइल्स देत असाल तर हिशोब लक्षात घ्या. झूम १४ ला नाशिकच्या अक्षांशावर एक टाइल साधारण २.३ किमीची, तिचे ४,०९६ भाग पडतात, म्हणजे ५६ सेंमीला एक पायरी. सरांची ३ सेंमीची खूण तिथे राहणार नाही. पण चोराच्या हाती पण अर्ध्या मीटरचाच डेटा लागतो. बारीक डेटा मोठ्या झूमला उघडू नका एवढंच.

ज्यांना फाइल द्यावीच लागते त्यांना त्यांच्या पब्लिक की ने एन्क्रिप्ट करून (म्हणजे फक्त त्यांनाच उघडेल असं कुलूप लावून), ४८ तासांत मरणाऱ्या लिंकवरून. लिंकचा पासवर्ड त्याच ईमेलमध्ये नको, फोनवर सांगा. पीडीएफला 'प्रिंट करता येणार नाही' असा पासवर्ड लावून निर्धास्त राहू नका, बरेच व्ह्यूअर ती अट पाळतच नाहीत. समुद्री नकाशांत हे फार व्यवस्थित केलेलं आहे, एस-६३ नावाची पद्धत आहे, चार्ट एन्क्रिप्ट असतो आणि त्याचं परमिट त्या जहाजावरच्या उपकरणापुरतंच चालतं. आपल्याला तेवढं परवडत नाही, पण त्यातली एक गोष्ट उचला, कोणती कॉपी कोणाकडे याची नोंद.

रजिस्टर ठेवा भाऊ. कॉपी नंबर, कोणाला, तारीख, किल्ली नंबर आणि फाइलचा शा-२५६ हॅश (फाइलचा आकडी ठसा, फाइल जराही बदलली तर तो बदलतो).

सीबीएस_वकील (मंगळवार, दुपारी ३:००)

हॅशचं सोनं केलंत. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम लागू आहे, त्याच्या कलम ६३ खालच्या प्रमाणपत्रात फाइलचा हॅश लिहावा लागतो. ज्या दिवशी फाइल दिली त्याच दिवशी हॅश ईमेलने गिऱ्हाइकालाच पाठवून ठेवा.

गोदाकाठ (रविवार, रात्री ९:५०)

आठवडाभर हेच करत होतो. सर, तुमच्या सांगण्याप्रमाणे पायथनमध्ये छोटी स्क्रिप्ट लिहिली, सामाईक बांध एकदाच हलतो असं बघितलं, आणि मोजणीचे बिंदू वगळले. एका गावाची फाइल मित्राला दिली आणि म्हटलं, मोड हिला. गावात २,१४० बिंदू होते. त्याने सिम्प्लिफाय केलं, प्रोजेक्शन फिरवलं, १,३१० उरले, त्यातले १,३०२ जुळले. मग त्याने पाच दशांशांवर तोडलं आणि ६८८ वर आलं. निम्मे म्हणजे ६५५. हे काही कोर्टात दाखवता येणार नाही.

दोन गिऱ्हाइकांनी आपापल्या कॉप्या एकत्र करून सरासरी काढली तर काय होईल तेही विचारायचं होतं.

वेक्टर_सर (रविवार, रात्री १०:३०)

वा, मनापासून काम केलंत. ६८८ ने निराश होऊ नका. पाच दशांशांवर तोडलं की प्रत्येक बिंदूमागे जुळायची शक्यता ५० ऐवजी साधारण ५३ टक्के उरते. एका गावात ती गोंगाटात हरवते. पण बारा गावांचे १६,००० बिंदू घेतले तर ८,००० ऐवजी ८,४५० च्या वर जुळतील, आणि तिथे नेहमीचा फरक साठ-पासष्टचाच. अख्खा नकाशा चोरणारा सापडेल, एका गावाचा तुकडा आणि तोही मीटरभर भोंगळ करून नेणारा सुटेल.

सरासरीचं म्हणाल तर प्रत्येक गिऱ्हाइकाची किल्ली पूर्ण स्वतंत्र, यादृच्छिक ठेवा. सरासरीत दोघांची खूण निम्मी होते, पण दोघांचीही उरते. तुमची चार-सहा गिऱ्हाइकं आहेत तोवर एवढं पुरे, शेकडो झाली की मग तार्डोशच्या कोडसारख्या, संगनमत करणारे पकडायच्या पद्धती बघू.

किल्ल्या मात्र त्याच लॅपटॉपवर ठेवू नका.

नोटप्रेसकर (सोमवार, सकाळी ६:४५)

पेनड्राइव्ह आणि छापील कागद, दोन्ही पाकिटात घालून लाखेने सील करा, दोन साक्षीदारांच्या सह्या घ्या, बँकेच्या लॉकरमध्ये ठेवा. तारीख पाकिटावर बाहेरून.

गोदाकाठ (सोमवार, रात्री ८:१०)

काका, पाकीट तयार केलं, लाख मेनरोडवरून आणली. वकीलसाहेबांनी नोटिशीचा मसुदा बघून दिला, आज रजिस्टर पोस्टाने गेली. रस्त्यांच्या फाइलवर ओपनस्ट्रीटमॅपचं श्रेय टाकून जुन्या दोन्ही गिऱ्हाइकांना नवी फाइल पाठवली, ताई. बांध काढायला आलेल्या दोन मुलांकडून हस्तांतराचे कागद सही करून घेतले, त्यांचे थोडे पैसे राहिले होते तेही दिले.

कॉपी नंबर ३ आज दुपारी पिंपळगावला गेली. हॅशचा ईमेल पोचल्याचं उत्तर त्यांच्याकडून आलंय.

मेरीजवळ (सोमवार, रात्री ८:२५)

दादा ती स्क्रिप्ट बघायला मिळेल का? किल्ली नको, नुसती स्क्रिप्ट.

गोदाकाठ (सोमवार, रात्री ८:३१)

शनिवारी ऑफिसला ये, बसून दाखवतो. येताना लॅपटॉप आण.